साप्ताहिक सुट्टी

मंगळवारी माझी सुट्टी.
सहाच्या आत नॅशनल पार्कच्या गेटवर पोचतो,
पावती खिशात घालतो
आणि ज्या हायवेवर आठवडाभर उभा असतो
त्याच्याकडे पाठ करतो.

सायकल भाच्याची. जाड खाचांचे टायर, बोकडाच्या शिंगांसारखं हँडल.
पुण्याला नोकरी लागली तेव्हा म्हणाला,
मामा, गंजण्यापेक्षा चालव.
सायकलीबद्दलच म्हणाला असावा.

सुरुवातीला डांबर. फिरायला आलेली मंडळी,
ठरवून हसणारा एक क्लब.
मग नदीवरच्या फरशीपलीकडे
गार्ड वळवी साखळी सोडतो, घड्याळ बघतो,
"नऊच्या आत परत, घरतसाहेब. बिबट्याला सुट्टी नसते."
तिथून मुरूम.

फुटाणेवाला कढईत वाळू परततो ना,
तसा आवाज येतो चाकांखालून.
पुढे पाच मैल दुसरं काही नाही.

खात्याच्या तपासणीत निघालं
उजवा कान पस्तीस टक्के गेला.
हॉर्नने नेला, हे त्यांनी लिहिलं नाही.
उरलेल्या पासष्टात काय काय मावतं
ते मला इथे कळतं:
सागाचं वाळलेलं पान फांदीवरून सुटतं
तेव्हा एकदा, आणि टेकतं तेव्हा
दुसऱ्यांदा वाजतं.

हातांची सवय मात्र जात नाही.
मागच्या खेपेला वळणावर चितळं आडवी आली.
मी सायकल मांडीला टेकवून
डावा हात आडवा धरला,
उजव्याने त्यांना चला, चला.
माझ्या मागे थांबवायला कुणीच नव्हतं.
शेवटचं पाडस मधोमध उभं राहिलं,
माझ्याकडे बघत,
दंड किती, विचारावं तसं.

काल उतारावर पडलो.
मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर, भाच्याने शिकवलं होतं.
मी उलटं केलं.
काटेसावरीच्या फुलांत तोंडावर,
उजवा तळवा सोलून निघाला.

मंगली वरठा बोरांची पाटी घेऊन गेटकडे निघाली होती.
पाटी उतरवली, बाटलीतलं पाणी ओतलं,
एकदांडीचा पाला दातांखाली चावून
तळव्यावर दाबला. मी ओरडलो.
"काय करतोस या हातानं?"
गाड्या थांबवतो.
"थांबतात?"
लाल असला तर.
ती हसली नाही.
"रात्री आमची भुई हलते. भांड्याला भांडं लागतं.
खालून काय ते जातंय,
त्याला थांबव की."

ते माझ्या हद्दीत येत नाही, म्हणालो.
तोंडातून सरळ निघालं,
चौकीत निघतं तसं.

तिने हात सोडला.
वीस रुपयांची बोरं घ्यायला लावली.
निम्मी किडकी होती. खाल्ली.

परत येताना एका हाताने चालवलं.
शिलोंड्याच्या बाजूला धनेश आहेत म्हणतात,
बघायचं राहून गेलं.
वळवीने साखळी लावली. नऊ वाजून दहा.
काही बोलला नाही, घड्याळावर बोट ठेवलं फक्त.

आज बुधवार. दिंडोशीचा सिग्नल.
पट्टीखाली एक खडा राहिलाय,
डॉक्टरला चिमट्याने निघाला नाही.
हात वर केला की ठणकतो,
म्हणजे मिनिटाला दोनदा.

साडेअकराला एक डंपर आला.
ताडपत्री अर्धवट बांधलेली, मागून सांडत होतं:
लालसर, ओलसर.
लाल पडायच्या आधीच मी हात वर केला.
थांबला.
ड्रायव्हर पोरगेलासा. कागद पुढे केले,
सगळे बरोबर.
मला एवढंच विचारायचं होतं
की बाबा, हे कुठून खणून आणलंस.

मागे हॉर्न सुरू झाले.
उजव्या कानाला कमी,
डाव्याला सगळे.

कागद परत दिले.
हात खाली घेतला.